ऐन हिवाळ्यात ताबो : हजार वर्षांच्या मातीच्या मठासाठी अख्खा दिवस ठेवा

सांदणवारा

नोव्हेंबर लागला की इथे हिमाचलातल्या स्पितीचे प्रश्न सुरू होतात. बर्फ कधी पडतं, काझापर्यंत रस्ता चालू असतो का, हिमबिबट्यासाठी किब्बरला कधी जावं. सगळे बेत मी वाचते. जवळजवळ प्रत्येकात एक ओळ सारखीच असते : "वाटेत ताबो मठ, अर्धा तास." या अर्ध्या तासाबद्दल मला मनापासून भांडायचंय, म्हणून हा धागा काढतेय.

ताबोचा मठ इ.स. ९९६ मध्ये उभा राहिला. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो बांधवून घेतला. या राजाने स्वतः भिक्षूची वस्त्रंही घेतली. रिंचेन झांगपो (९५८–१०५५) हा त्या काळातला थोर भाषांतरकार. तो काश्मीरला जाऊन संस्कृत शिकला, ग्रंथ तिबेटीत आणले आणि परतताना ३२ कलाकार सोबत घेऊन आला, असं परंपरा सांगते. ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, येशे-ओच्याच घराण्यातल्या जांगछुब-ओ या राजभिक्षूने मठाचा जीर्णोद्धार केला. ही हकीकत मंदिराच्या भिंतीवरच्या लेखात लिहिलेली आहे. त्याच जांगछुब-ओच्या निमंत्रणावरून आचार्य अतीश भारतातून तिबेटात गेले, तेही त्याच सुमाराला.

बाहेरून मात्र काहीच कळत नाही. मातीचा तट, आत मातीच्या बसक्या इमारती, मातीचे स्तूप. खिडक्या जवळपास नाहीतच. नव्या माणसाला वाटतं, एवढ्यासाठी एवढ्या लांब आलो का? आणि तो लगेच घड्याळ बघतो.

मुख्य मंदिराचं दार पूर्वेला. बूट काढून आत शिरलात की आधी काळोख. इथे थांबा. टॉर्च लगेच लावू नका. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येतो, त्याला डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतींवर, डोक्याच्या जरा वर, एकेक आकृती उमटायला लागते. चारी बाजूंना मातीच्या मूर्ती, जवळपास माणसाएवढ्या, मागे भिंतीत बसवलेल्या. खाली आधार दिसत नाही, त्यामुळे त्या हवेत बसल्यासारख्या वाटतात. अशा ३२ मूर्ती आहेत. सभामंडपात मागच्या बाजूला वैरोचन, म्हणजे मंडलाचा मुख्य बुद्ध आहे, चार दिशांना चार देह, पाठीला पाठ लावून. म्हणजे तुम्ही मंडलाचं चित्र बघत नसता, मंडलाच्या आत उभे असता. हे वज्रधातु मंडल आहे. कागदावर किंवा कापडावर काढतात ते इथे खोलीभर बांधलंय.

मूर्तींच्या खाली चित्रांचा पट्टा आहे. त्याच्यासाठी मी वेळ मागतेय. डावीकडची, म्हणजे दक्षिणेची भिंत सुधनाची. गंडव्यूह सूत्रातला हा तरुण ज्ञान शोधायला निघतो आणि एका गुरूकडून दुसऱ्याकडे जातो. हे गुरू म्हणजे फक्त भिक्षू नाहीत. त्यात नावाडी आहे, सोनार आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा आहे, राजा आहे, गणिकाही आहे. प्रत्येकाच्या दारात सुधन हात जोडून उभा. चित्रांसोबत तिबेटी मजकूर लिहिलेला आहे. उजवीकडची, उत्तरेची भिंत बुद्धचरित्राची. प्रदक्षिणेच्या दिशेने सावकाश चालत गेलं तर आधी सुधनाचा प्रवास होतो, मग बुद्धाचा. अर्ध्या तासात हे होत नाही. गर्दीच्या दिवसांत तर नाहीच, कारण मागून पुढचा जथा आत येत असतो.

हिवाळ्यात ताबोला तुम्ही आणि किल्ली घेऊन आलेले लामाजी, एवढेच असता. कोणी घाई करत नाही. लामाजी दारापाशी माळ ओढत बसतात. विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर गप्प.

एक गोष्ट मला हिवाळ्यातच नीट कळली. रात्री बर्फ पडलं की पहाटेच गावातली माणसं लाकडी फावडी घेऊन छपरांवर चढतात. छपरं सपाट आहेत : पॉप्लर-विलोच्या तुळया, त्यावर काटक्या, वर चोपलेली माती. बर्फ भुसभुशीत असतानाच ढकलून द्यायचं. ते वितळलं तर पाणी मातीत उतरणार आणि आतलं सगळं जाणार. मठाचं छप्परही त्याच जातीचं. हजार वर्षं ही इमारत टिकली ती कोरड्या हवेमुळे आणि दर हिवाळ्यात कोणीतरी छपरावर चढत आलंय म्हणून. बर्फ न पडलेल्या महिन्यात जाऊन हे दिसत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. आणि कोणी जाऊन आलं असेल तर भर घाला.

पाथरवट

ताई, उत्तम धागा. मी संभाजीनगरचा, अजिंठ्याच्या वाऱ्या शाळेपासून चालू आहेत. ताबोला गेलो तेव्हा बरोबरचे सगळे "हिमालयातलं अजिंठा" म्हणत होते. जाहिरातीत ते छान दिसतं, पण दोन्हीकडे उभं राहून बघितलं की फरक मोठा आहे.

आधी साम्य. दोन्हीकडे ओल्या चुन्यावरचं काम नाही. मातीचा गिलावा वाळवून, वर पातळ पांढरा थर देऊन कोरड्यावर रंगवलंय. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचा कोंडा, गवताचे धागे मिसळलेले आहेत. अशा चित्राला पाण्याचा थेंबही शत्रू. बुद्धचरित्रही दोन्हीकडे.

पण अजिंठा ओस पडला. पाचव्या शतकाच्या अखेरीस काम थांबलं, हळूहळू भिक्षू गेले आणि १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत जगाला त्याची खबर नव्हती. ताबोत पूजा कधी थांबली नाही. राजवटी गेल्या, पंथ बदलला, आज तो मठ दलाई लामांच्या गेलुगपा परंपरेत आहे, पण दिवा लागतोच आहे. ज्या खोलीत हजार वर्षं लोणी जळतंय तिथली चित्रं काजळणारच. त्यामुळे दोन्हीकडे चित्रं राखण्याचा प्रश्नच वेगळा आहे.

अजिंठ्याचं वाटोळं थोडं प्रेमानेही झालं. १९व्या शतकात नकला काढणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वार्निश लावलं. १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी सुटत चाललेला गिलावा पकडून ठेवला हे त्यांचं मोठं काम, पण लाखेचा जो थर दिला तो पुढे पिवळा पडला. तो काढायला पुरातत्त्व खात्याची माणसं कित्येक वर्षं खपली आहेत. ताबोच्या चित्रांवर मूळ रंग अजून उघडा दिसतो. निळा तर विशेष.

आणखी एक. आपल्याकडचे विहार पावसाळ्याचे. भिक्षूंनी वर्षभर फिरावं आणि पावसाच्या महिन्यांत एका जागी राहावं, त्या वर्षावासासाठी सह्याद्रीत लेणी खोदली गेली. ताबो गावाच्या वरच्या कड्यातही गुहा आहेत, त्या हिवाळ्यात राहायच्या. उन्हाच्या अंगाला, वाऱ्यापासून आडोशाला. ऋतू बदलला पण गरज तीच. वर चढून जा, एका गुहेत अजून चित्रांचे अवशेष आहेत.

छपराचं म्हणाल तर आमच्या मराठवाड्यातलं माळवद अगदी तसंच. आजी दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून घ्यायची. ताबोच्या छपरावरची माणसं बघून मला परकं काही वाटलंच नाही.

रेवाकाठ

दोघांचंही वाचून जायची इच्छा अनावर झाली. पण प्रश्न व्यवहाराचे. आम्ही दोघं साठीच्या पुढचे. यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो हिवाळ्यात अजिबात नको. बर्फात चालण्याची हौस नाही, फक्त मठ बघायचाय. उंची कितपत सोसेल? आणि मनालीहून बोगदा झाला ना आता, मग तिकडून जवळ पडेल का?

मैलाचा_दगड

काकू, बोगद्याचा घोळ आधी मिटवतो, कारण दर हिवाळ्यात कोणीतरी फसतं. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला, तो रोहतांग खिंडीच्या खालून. त्याने लाहौल बारमाही जोडलं गेलं. स्पितीला जायला पुढे कुंझुम खिंड ओलांडावी लागते, ती साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि हिवाळाभर बंद. म्हणजे हिवाळ्यात मनालीहून स्पिती नाही. कोणी टॅक्सीवाला "बघू, नेतो" म्हणाला तरी नाही.

हिवाळ्याचा रस्ता एकच : शिमला, नारकंडा, रामपूर, रिकाँगपिओ, पूह, खाब, नाको, चांगो, सुमडो, ताबो. मी या भागात रस्त्याच्या कामावर नोकरी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या रस्त्यावर बर्फापेक्षा दगडांची काळजी जास्त. रात्री कड्यातल्या भेगांमधलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगड सैल करतं. सकाळी ऊन चढलं की ते वितळतं आणि दगड सुटतात. त्यामुळे खाबच्या पुढचा चढ आणि नाकोच्या पलीकडचा मलिंग नाल्याचा पट्टा सकाळी, ऊन कड्यावर यायच्या आत पार करावा. दुपारी तिथे फोटोसाठी गाडी थांबवू नये. "पडत्या दगडांपासून सावधान" अशी पाटी दिसली की ती शोभेची नाही. चालकाला वर बघत बसण्यापेक्षा न थांबता पुढे काढायला सांगा.

दुसरं, सावलीतल्या वळणांवरचा काळा बर्फ. डांबर ओलं दिसतं, असतं काच. मैदानातला चालक, मग तो कितीही अनुभवी असो, इथे नको. पिओ किंवा काझाचा स्थानिक चालक घ्या. त्याच्याकडे चाकाच्या साखळ्या असतात आणि त्या कधी घालायच्या नाहीत हेही त्याला माहीत असतं.

डिझेल गोठतं हेही खरं. पूर्वी पहाटे इंजिनाखाली शेगडी ठेवून गाड्या चालू करायचे. २०१९ पासून थंडीसाठीचं खास डिझेल तिकडे मिळायला लागलं. तरी खालून भरून आणलेलं डिझेल टाकीत असेल तर सकाळी गाडी रुसते. वर गेल्यावर तिथलं भरा.

एसटीने जायचं असेल तर हिमाचल परिवहनची पिओ–काझा बस आहे, सकाळी लवकर सुटते, रस्ता चालू असेल तर. स्थानिक लोक तिच्यावरच अवलंबून असतात. मला ती कोणत्याही भाड्याच्या गाडीपेक्षा भरवशाची वाटते.

सांदणवारा

रेवाकाठ काकू, उंचीबद्दल मी सांगते.

ताबो साधारण ३२८० मीटरवर आहे. स्पितीतल्या मुक्कामांत हे कमी उंचीतलं. काझा ३६०० च्या वर, ढंकर त्याहून वर, किब्बर ४००० च्या वर. फक्त मठच बघायचा असेल तर ताबोच्या वर तुम्हाला मुक्काम करायचाच नाहीये, हा मोठा फायदा. लोक रिकाँगपिओच्या वरच्या कल्प्याहून निघून नाकोला मुक्काम करतात. नाको ३६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ताबोपेक्षा उंच. तुमच्यासारख्यांनी नाकोला झोपू नये. कल्प्यात आराम करून एक दिवस जास्त राहा, मग पहाटे निघून नाकोत फक्त गोठलेलं तळं आणि तिथला जुना मठ बघा (तोही ११व्या शतकातला, चुकवू नका) आणि झोपायला ताबोला उतरा. शिमला, रामपूर किंवा सराहन, मग कल्पा, मग ताबो, अशी पायरी पायरीने उंची वाढते. शरीराला सवय होत जाते. हीच सोय मनालीच्या बाजूने उन्हाळ्यातही नसते.

काकांच्या रक्तदाबाचं मात्र धाग्यावर ठरवायचं नाही. डॉक्टरांना मीटरमधला आकडा सांगा, "डोंगरावर जातोय" एवढंच नको. रात्री पारा उणे १५-२० पर्यंत सहज जातो, तेही सांगा. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या. काझात सरकारी रुग्णालय आहे, पन्नासेक किलोमीटरवर, पण रस्ता बंद झाला तर ते अंतर काही कामाचं नाही. म्हणून छातीचा त्रास असेल तर मी सरळ नको म्हणेन. मठ मे-जूनमध्येही असतोच.

राहण्याबद्दल : हिवाळ्यात बहुतेक हॉटेलं बंद. घरगुती मुक्काम मिळतो आणि तोच चांगला. दिवसभराचं जगणं एका खोलीत चालतं. मधोमध लोखंडी तंदूर, वर धुराडं, भोवती गाद्या. त्यावर सतत पाण्याचं भांडं. नळ गोठलेले असतात, पाणी बादल्यांनी आणलेलं असतं. आंघोळीचा विषय काढू नका. शौचालय कोरडं, मातीचं, त्याला पाणी लागतच नाही आणि वासही येत नाही. थुक्पा, वरणभात, छरम्याचा (तिकडच्या काटेरी झुडपाच्या फळांचा) आंबटगोड चहा, खारा लोण्याचा चहा. मला खारा चहा आवडतो. दुधासाखरेचा चहा समजून प्यायलात तर नाही आवडणार, सार समजून प्या.

उन्हेरी

मी छायाचित्रं काढते, हिमबिबट्यासाठी फेब्रुवारीत किब्बरला ग्रुप घेऊन जातेय. ताबोत आत फोटोला बंदी आहे हे माहीत आहे. पण हिवाळ्यात कोणी नसतं तेव्हा लामाजींना विनंती केली तर फ्लॅशशिवाय एखादा काढू देतात का? आजचे कॅमेरे अंधारातही चांगलं काम करतात. चित्रांना इजा काही होणार नाही. उलट अशा ठिकाणची नोंद व्हायला हवी असं माझं प्रामाणिक मत आहे.

सांदणवारा

उन्हेरी, विनंती करू नकोस, असं मी कळकळीने सांगते. पटत नसलं तरी ऐक.

नोंद झालेली आहे. १९०९ मध्ये जर्मन अभ्यासक फ्रांके आला, १९३३ मध्ये इटलीचा तुच्ची आला, पुढे व्हिएन्नाच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कित्येक वर्षं बसून भिंतीवरची अक्षरं न् अक्षरं वाचली. आपल्या एका फोटोने त्यात भर पडत नाही.

आणि लामाजींच्या बाजूने बघ. ते एकटे, बाहेर उणे तापमान, समोर हजार मैलांवरून आलेला पाहुणा हात जोडून विनवतोय. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांच्या भिडेचा फायदा घ्यायचा का?

कॅमेरा होमस्टेत ठेवून जा. हातात कॅमेरा नसला की डोळा वेगळा चालतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाहेरचे स्तूप, तट, बर्फातलं अंगण, कडा, या सगळ्याला परवानगी आहे. दुपारच्या उन्हात मातीच्या भिंतींचा रंग बघशील तेव्हा कॅमेरा काढ.

उन्हेरी

भिडेचा मुद्दा पटला ताई. ग्रुपला सूचनेतच लिहून टाकते. ताबोला अख्खा दिवस ठेवायचा म्हणजे किब्बरचा एक कमी होईल, पण मी बोलते सगळ्यांशी.

दीक्षावाट

मी नागपूरची. बाबांना घेऊन ताबोला गेले होते, मार्चच्या सुरुवातीला, तेव्हाही चांगलीच थंडी होती. इथे लिहावं की नाही ठरत नव्हतं, पण सुधनाबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या गर्दीत होते, हे आमच्या घरात देवघरातल्या फोटोइतकंच पक्कं आहे. बाबांचा बौद्ध धम्म म्हणजे त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना, वस्तीतलं विहार आणि बाबासाहेब. ताबोतल्या रौद्र देवता, अनेक हातांच्या मूर्ती, मंडल, हे सगळं त्यांना अनोळखी होतं. प्रवेशाच्या खोलीतल्या रक्षक देवता बघून ते जरा थबकलेच. "हे आपलं नाही," असं हळूच म्हणाले.

मग आत उत्तरेच्या भिंतीपाशी त्यांना बुद्धचरित्र दिसलं. तिथे ते उभे राहिले ते राहिलेच. कुठला प्रसंग कोणता हे लामाजी सांगत होते, तुटक हिंदीत. पुढचं बाबांना आधीच माहीत असायचं. लामाजींनी वाक्य सुरू करावं आणि बाबांनी संपवावं. शेवटी बाबांनी विचारलं, मी वंदना म्हणू का? लामाजींनी मान हलवली. बाबांनी पालीत त्रिशरण म्हटलं. त्यांचा आवाज मोठा आहे, पण त्या खोलीत माती तो पिऊन टाकते, घुमत नाही अजिबात. लामाजी हात जोडून उभे राहिले. संपल्यावर त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, तेही तिसऱ्यांदा "गे-दुन" म्हणजे संघाला नमस्कार करून थांबलं. बाबांना शब्द कळले नाहीत, पण तीन वेळा थांबलेलं कळलं.

बाहेर आल्यावर बाबा त्या सुधनाबद्दल विचारत राहिले. सोनाराला, नावाड्याला गुरू मानणारा मुलगा. "हे शाळेत शिकवायला पाहिजे," म्हणाले. ते निवृत्त शिक्षक आहेत.

एवढंच सांगायचं होतं की आपल्या महाराष्ट्रातून बौद्ध यात्रा निघतात त्या बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशा असतात. ताबो त्यात क्वचित असतो. असायला हवा.

पाथरवट

दीक्षावाट, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवेना. बाबांना नमस्कार सांगा. यात्रांबद्दल पूर्ण सहमत. पन्नाशीच्या पुढची मंडळी अशा यात्रांना जास्त असतात, त्यांच्यासाठी जून किंवा सप्टेंबर ठेवावा.

कोरडवाहू

सगळं सुंदर आहे, पण एक विरोधी सूर लावतो. आपण सगळे हिवाळ्यात जायला लागलो तर त्या गावाचं काय? तिथे जळणाला लाकूड नाही, आहे ते खालून ट्रकने येतं. पाणी बादलीने. हिवाळा हा त्यांचा विश्रांतीचा, विणकामाचा, सणांचा काळ. तिथेही आपण "हिवाळी पर्यटन" म्हणून जायचं आणि गरम पाणी मागायचं. मठ बघायला जाऊच नये असं म्हणत नाही, पण धाग्याचं शीर्षक वाचून शंभर जण गाड्या काढतील अशी धास्ती वाटते.

सांदणवारा

कोरडवाहू, धास्ती खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. किब्बरला हिमबिबट्याच्या नादात काय होतंय ते मीही बघतेय. एका प्राण्यामागे गाड्यांची रांग.

माझं म्हणणं असं : ज्याला बर्फ बघायचंय त्याने नारकंड्याला जावं, बर्फ तिथे हवं तेवढं असतं. ताबोला त्यानेच जावं ज्याला ती भिंत बघायचीय. अशी माणसं शंभर नसतात. जातील ती दोन-तीन जणांनी जावीत, एका घरात राहावीत, त्यांच्या खोलीत त्यांच्याच तंदूरभोवती बसावीत, वेगळी खोली आणि वेगळं जळण मागू नये. खोलीचं भाडं घासाघीस न करता द्यावं. येताना प्लास्टिक परत आणावं, कारण तिथे ते जाळतात किंवा नदीत जातं, तिसरा मार्ग नाही.

मठाच्या जिवाला धोका हिवाळ्याच्या पाहुण्यांपेक्षा उन्हाळ्याच्या पावसाचा जास्त आहे. स्पिती पर्जन्यछायेत, तिथे पाऊस नावालाच. आता उन्हाळ्यात धो धो सरी येतात असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. छपरातून झिरपलेल्या चिखलाचे ओघळ चित्रांवर दिसतात. सुधनाच्या भिंतीवर बघा, काही ठिकाणी ओघळ थेट चेहऱ्यांवरून खाली आलेत. १९ जानेवारी १९७५ ला, ऐन थंडीत, किन्नौरचा भूकंप झाला, ६.८ तीव्रतेचा. त्यातही जुना मठ तरला, नुकसान झालं पण उभा राहिला. पुढे १९८३ मध्ये शेजारी नवं सभागृह बांधलं, त्याच वर्षी दलाई लामांनी तिथे कालचक्र हा दीक्षाविधी केला आणि १९९६ मध्ये मठाला हजार वर्षं झाली तेव्हा पुन्हा. भूकंप पचवलेली भिंत पावसाने जाऊ शकते, हे मला फार लागतं. पुरातत्त्व खात्याकडे ही वास्तू आहे, काम चालू असतं, पण अशा इमारतीबद्दल लोकांना आस्था असेल तरच दबाव राहतो. म्हणून लोकांनी बघावी असं मला वाटतं.

मैलाचा_दगड

त्या भूकंपाने गियूची ममीही वर आणली. सुमडोच्या जरा पुढे, ताबोच्या बाजूला फाटा आहे. संघा तेनझिन नावाच्या भिक्षूचा बसलेल्या अवस्थेतला देह, साधारण पाचशे वर्षांपूर्वीचा, कोणतंही रसायन न लावता टिकलेला. कोरडी थंडी काय काय जपते त्याचं हे दुसरं उदाहरण. हिवाळ्यात फाट्याचा रस्ता बंद असू शकतो, सुमडोच्या चौकीवर विचारून मगच वळा. भारतीयांना परवाना लागत नाही, आधारकार्ड मात्र खिशात ठेवा, चौक्यांवर नोंद होते. परदेशी पासपोर्टवाले आपले मराठी बांधव येणार असतील तर त्यांना पिओ किंवा काझात परवाना काढावा लागतो, तो आधी.

रेवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला हा धागा वाचायला दिला. ठरलं असं : डॉक्टरांनी हो म्हटलं तर फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघं आणि तो, नाही म्हटलं तर जूनमध्ये. दिवसात कोणत्या वेळी आत जावं? आणि किल्ली कोणाकडे मागायची?

सांदणवारा

फार छान काकू. किल्ली नव्या सभागृहाशेजारच्या भिक्षूंच्या निवासात. तुमच्या यजमानांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, ते निरोप देतात. पहाटे जाऊ नका, लामाजींची पूजा असते आणि जमीन गोठलेली असते. साडेदहा-अकराला ऊन वर आलं की झरोक्यातून सगळ्यात जास्त उजेड मिळतो. आत जमीन मातीची आहे आणि बूट बाहेर. लोकरीचे मोजे दोन जोड एकावर एक घाला, काकांना तर नक्कीच, पायातून थंडी चढते आणि मग सुधनाच्या निम्म्या वाटेवरच बाहेर यावंसं वाटतं. टॉर्च न्या, मंद पिवळ्या उजेडाची, आणि ती चित्रावर न रोखता जमिनीकडे धरा, तिथून परतलेला उजेड पुरतो. भिंतीला टेकू नका, जॅकेटचा खांदासुद्धा लागता कामा नये. दुपारी बाहेर येऊन जेवा आणि पुन्हा एकदा आत जा. सोनमंदिर, मैत्रेयाचं मंदिर वगैरे बाकीची मंदिरं त्या दुसऱ्या फेरीला उघडून मागा, एकदमच सगळी किल्ल्यांची माळ त्यांना हातात धरायला लावू नका.